मापकाकूंचा तीनचा तास

"मी बोलण्याच्या ओघात म्हणालो होतो."

"ओघात म्हणालात, मी ओघात गेले. आता मागे कशी वळू?"

"माणूस रागात काहीही बोलतो. उद्या म्हणेन, विहिरीत उडी मार."

"मग आधी पाणी किती खोल ते मोजून घेईन. मापाशिवाय मी काही करत नाही, ठाऊक आहे तुम्हाला."

"आणि दुकान?"

"दुकानात तुम्ही आहात की. खुर्ची आहे, पंखा आहे, पाणी भरून ठेवलंय. एक तास नुसतं बसायचं."

"एक तास नुसता बसून करू काय?"

"वाचनालयात जाऊन करत होतात तेच."

हे भांडण रोज दुपारी पावणेतीनला सुरू व्हायचं आणि तीनला पाच कमी असताना संपायचं, कारण तेव्हा मापकाकू गळ्यातली टेप काढून खिळ्याला अडकवायच्या. टेप उतरली की कोर्ट उठलं. त्यानंतर बटणकाकांनी कितीही मुद्देसूद बाजू मांडली तरी ती पंख्यासमोर मांडल्यासारखीच. काकू वर्गाची वही काखेत मारून पायरी उतरायच्या आणि काका त्या रिकाम्या टेपेकडे बघत बसायचे.

ही नावं त्या दोघांना गल्लीनं दिलेली. माप घेणं आणि कापड कापणं काकूंकडे. काजं, बटणं, तुरपाई आणि इस्त्री काकांकडे. मशीन दोघांचं, पण त्याचा आवाज ऐकून कोण बसलंय ते सांगता यायचं. काकूंचं मशीन एका दमात धावायचं. काकांचं दर वीतभर अंतरावर थांबून विचार करायचं. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, त्यातली पुढची खोली म्हणजे दुकान. मधोमध कापायचं टेबल. ते मुळात एक जुनं दार होतं. कडीची जागा अजून तशीच होती आणि त्या खोबणीत काकू खडू ठेवायच्या. टाचण्या मात्र डबीत कमी आणि काकूंच्या ओठांत जास्त. लोकांना वाटायचं, कामात आहेत म्हणून बाई बोलत नाहीत. खरं उलटं होतं. ज्या गिऱ्हाइकाशी बोलायचं नसे, त्याला उंबऱ्यात पाहिलं की काकू चार टाचण्या तोंडात टाकायच्या.

काकूंना वाचता येत नव्हतं. म्हणजे अक्षरं येत नव्हती. आकडे येत होते, आणि तेही टेपेनं शिकवलेले. एक ते साठ. साठच्या पुढेही आकडे असतात हे त्यांना मान्य होतं, पण त्यांच्याशी संबंध येऊ नये अशी सगळ्या गिऱ्हाइकांसाठी त्यांची मनापासून इच्छा असायची.

मग मापांची वही चालायची कशी? चित्रांवर. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, वर एक चित्र, खाली आकडे. बँकेतल्या कारकूनबाई उभ्या राहताना एक हात कमरेवर ठेवतात आणि दुसऱ्यानं बोलतात, म्हणून किटली. दवाखान्यातली उंच नर्स म्हणजे शिडी. वाचनालयाच्या अध्यक्षांची बायको म्हणजे छत्री. वाचनालयाच्या चिटणीसबाई म्हणजे फुगा, कारण माप देताना त्या श्वास आत ओढायच्या आणि लाल होईपर्यंत धरून ठेवायच्या. श्वास सगळ्याच ओढतात, ते काकूंना नवीन नव्हतं. त्यावर त्यांचा एक हमखास उपाय होता: टेप कमरेला गुंडाळायची, बोटात सैल धरायची आणि एखादा प्रश्न विचारायचा. उत्तर द्यायचं म्हणजे श्वास सोडावा लागतो. सुटला, की टेप ओढायची. बाई उत्तरात रंगलेली असते, काकूंना खरं माप मिळालेलं असतं. अर्ध्या गल्लीच्या घरच्या भानगडी काकूंना ठाऊक होत्या त्या चौकस स्वभावामुळे नव्हेत, धंद्याची गरज म्हणून.

तीस वर्षं हे सुरळीत चाललं. मग काकूंना ताप आला, आठ दिवस हटेना, आणि दुकान आंधळं झालं. काकांना वाचता यायचं. घरात येणारं प्रत्येक चिठोरं तेच वाचून दाखवायचे आणि त्या गोष्टीचा त्यांना रास्त अभिमान होता. पण वहीत वाचण्यासारखं काही नव्हतंच. ते वही घेऊन पलंगाशी यायचे आणि विचारायचे, अगं, ही किटली कोण? काकू तापात काहीतरी पुटपुटायच्या. शेवटी काकांनी आपल्या बुद्धीनं नर्सच्या मापाचा झगा कारकूनबाईंना शिवला. तो डोक्यातून आत गेला, पण पोटाशी अडकला. तिथून तो ना खाली सरके ना वर निघे. कारकूनबाई दोन-तीन मिनिटं हात वर करून उभ्या होत्या, आणि काका कात्री घेऊन लांबूनच म्हणत होते, हलू नका. झगा कापून काढावा लागला.

त्या दिवशी काका पलंगाशी येऊन म्हणाले, चार अक्षरं शिकली असतीस तर ही वेळ आली नसती माझ्यावर.

ते बोलून विसरले. काकू अंथरुणातून उठल्या आणि शिकायला निघाल्या.

निघाल्या खऱ्या, पण कुठे जायचं? गल्लीच्या टोकाला वाचनालय होतं आणि तिथं बायकांसाठी साक्षरता वर्ग असल्याची पाटीही होती. वर्ग सकाळी दहाला. तिथं दोनच बायका यायच्या, त्यातली एक बस येईपर्यंत सावलीला बसलेली. समितीनं इतिवृत्तात लिहून टाकलं होतं की महिलांना शिक्षणात रस नाही. समितीवर सात पुरुष आणि चिटणीसबाई. सकाळी दहाला बायकांचे हात कशात असतात हे त्या सातांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांची जेवणं अकराला समोर येत होती.

काकूंनी अर्ज केला नाही, करता येतच नव्हता. चिटणीसबाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या तेव्हा काकूंनी टेप गुंडाळली, सैल धरली आणि विचारलं, बाई, तुम्ही सकाळी दहाला घरी काय करत असता हो? बाईंनी श्वास सोडला आणि सांगायला लागल्या. डबे, मग भांडी, मग सासूबाईंचं औषध, मग धुणं, मग... आणि तिथंच थांबल्या. बराच वेळ आरशात स्वतःकडे बघत राहिल्या. काकूंनी टेप ओढली, माप मनात टिपलं आणि म्हणाल्या, दुपारी तीन ते चार कसं वाटतं? जेवणं उरकलेली असतात, संध्याकाळची चूल पेटायची असते. दिवसभरात बाईच्या वाट्याला येतो तो तेवढाच एक तास, आणि तोही ती डुलक्या काढून वाया घालवते.

चिटणीसबाई कडक होत्या, पण अप्रामाणिक नव्हत्या. त्यांनी समितीकडून तीन महिन्यांची परवानगी आणली. मागची खोली, तीन ते चार, हजेरीला बारा बायका हव्यात, आणि तीन महिन्यांनी सोमवारच्या बैठकीत फेरविचार.

अडचण एकच होती. मागची ती खोली तीन ते चार रिकामी नसायची. तिथं वेताच्या चार खुर्च्या होत्या आणि त्यांत गेली अकरा वर्षं चार गृहस्थ वर्तमानपत्र वाचत असत. वाचत म्हणजे तोंडावर घेत. पेपर संथपणे वर जायचा, संथपणे खाली यायचा, आणि जगाच्या घडामोडी अशा रीतीनं पुढे सरकायच्या. खिडकीजवळची तिसरी खुर्ची बटणकाकांची. दुपारी तीनला दुकान काकूंवर सोपवून ते ज्ञान मिळवायला जात आणि चारला, गालावर ठळक मथळ्याची शाई घेऊन, परत येत.

आता त्या खोलीत एकोणीस बायका बसू लागल्या आणि खुर्च्या पुढच्या खोलीत, कपाटांच्या आडोशाला गेल्या. तिथं उजेड होता, ये-जा होती, झोप लागत नव्हती. शिवाय काकूंच्या नवऱ्याला तर पुढच्या खोलीतही जाता येईना, कारण तीनला दुकानात बसायला कुणीतरी हवं होतं. एकाच तासावर घरातल्या दोन माणसांनी दावा सांगितला होता, आणि रोज पावणेतीनला जे ऐकू यायचं ते त्याचंच.

वर्गात दवाखान्यातली आया होती, बेकरीतल्या दोघी जावा होत्या, आणि एक आजी होत्या. त्या सुनेला सोडायला म्हणून आल्या आणि बसल्या. सून चौथ्या दिवशी गळाली, आजींचा एक खाडा नाही. शिकवणारी पोरगी काकूंच्या लेकीहून लहान. ती फळ्यावर अक्षर काढायची आणि काकू ते नुसत्या बघत राहायच्या. पंधरा दिवस काही डोक्यात शिरलं नाही. मग त्यांना स्वतःचा दोष सापडला: हे सगळं कापल्याशिवाय कसं कळणार? दुसऱ्या दिवसापासून त्या चिंध्यांतून अक्षरं कापू लागल्या. याला गळा आहे, याला एकच बाही, याच्या पोटाशी खिसा, याला मागून चुणी. पाहता पाहता डबाभर बाराखडी झाली. काकांना त्या डब्यात एक सुती ‘क’ सापडला, तो त्यांनी इस्त्री पुसायला घेतला, आणि दोन दिवस त्यावरूनही बोलाचाली झाली.

तिसऱ्या महिन्यात पोरगी म्हणाली, आता पुस्तकातलं पुरे. रोज डोक्यात जे असतं ते लिहा. काकूंच्या डोक्यात काय असतं? वही. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि प्रत्येक चित्रावर आपल्या हातानं शब्द लिहिला. किटली. शिडी. छत्री. मग हात सुटला. एका शब्दावर भागेना, तेव्हा त्याच्याखाली एक ओळ आली. तीस वर्षं डोक्यात साठलेलं, कुणाला न सांगितलेलं, टाचण्यांच्या मागे दाबून ठेवलेलं सगळं एकसारख्या उंचीच्या, ठसठशीत, नीट शिवण घातल्यासारख्या अक्षरांत उतरू लागलं. पोरगी म्हणाली, तुमच्याइतकं सुरेख अक्षर अख्ख्या वर्गात नाही. तिनं मजकूर वाचला नव्हता. काकू नमुन्याला एकच पान दाखवायच्या, आणि ते शिडीचं होतं. शिडीबद्दल काकूंचं मत चांगलं होतं.

काकांनीही वही उघडून पाहिली नाही. बायकोचं अक्षर ते काय बघायचं, जरा वळण तर लागू दे, असं त्यांचं म्हणणं. पण आता दुकानात सगळं लेखी आहे, आपण उद्या आजारी पडलो तरी अडणार नाही, हे मात्र ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले होते. जणू वही त्यांनीच शिकवून मोठी केली होती.

तीन महिने संपले. सोमवारी बैठक, आणि त्याआधीचा शनिवार. काकू शनिवारी नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी निघाल्या, कारण हा तास शेवटचा ठरला तर तो पुरा मिळायला हवा होता. वर्ग परत दहाला गेला तर त्यांच्यासाठी संपला. सकाळी दहाला दुकानात कापड पसरलेलं असे. काकांनी त्या दिवशी भांडणही नीट केलं नाही. सोमवारी काय ठरतं ते बघूच, एवढं म्हणून इस्त्री तापवायला लागले.

सव्वातीनला चिटणीसबाई आल्या. नवा निळा ब्लाउज त्यांना बैठकीत घालायचा होता आणि तो दंडात अडत होता. माप चुकलं असणार, असं त्यांचं म्हणणं. आता काका स्वतःच्या कारभाराविषयी ऐकून घेतील, पण दुकानाच्या मापाविषयी नाही. ते म्हणाले, बाई, आमच्याकडे हल्ली सगळं लेखी असतं. आणि मापांची वही काढून, तुमचं पान तुम्हीच बघा म्हणत, त्यांच्या हातात दिली. खुर्ची पुढे केली, पंख्याचा वेगही वाढवला.

चार वाजून पाच मिनिटांनी काकू परत आल्या, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं ते हे की नवरा इस्त्री करतोय. काम कधी नव्हे इतकं मन लावून चाललंय. आणि इस्त्री होतेय तो शर्ट सकाळीच इस्त्री होऊन घडी घातलेला होता. मग चिटणीसबाई दिसल्या. चष्मा लावून बसलेल्या, मांडीवर वही.

काकूंचा हात टाचण्यांकडे गेला.

"टाचण्या राहू देत," चिटणीसबाई म्हणाल्या. "मीच वाचते. 'फुगा. श्वास रोखते. प्रश्न विचारून माप घ्यावे. शिवणीत दोन इंच जास्त सोडावे, सांगू नये.'"

काकूंनी टाचण्यांची डबी बंद केली.

"वीस वर्षं मला सांगताय, माप तेच आहे म्हणून."

"तुम्हाला तेच ऐकायचं असायचं."

"आणि हे असं, गावाला दिसेल असं लिहून ठेवायचं?"

तेव्हा कुठे काकूंना उमगलं की झालं काय. त्या टेबलाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या की चित्र होतं तोवर ते त्यांचं एकटीचं होतं, वही उघडी पडली तरी कुणाला काय कळणार. लिहिलं की ते सगळ्यांचं होतं, हे तीन महिन्यांत कुणी सांगितलंच नाही. सगळे कौतुकच करत सुटले. चूक झाली. पण खोटं लिहिलं असेल तर दाखवा, आत्ता खोडते.

चिटणीसबाईंनी खोटं कुठे आहे ते शोधण्याचा प्रयत्न केला असावा, कारण त्यांनी आपलं पान पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचलं. पाऊण तास वही त्यांच्या हातात होती, आणि पाऊण तासात कुणी फक्त स्वतःचंच पान वाचून थांबत नाही. त्यांनी हळूच दोन पानं मागे उलटली.

"'छत्री. एकदा उघडली की मिटत नाही.' हे अध्यक्षांच्या घरचं?"

"मी नाव लिहिलेलं नाही," काकू म्हणाल्या.

"नाव लिहायची गरजच नाही," चिटणीसबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांचा डावा कोपरा हलला. त्यांनी तो लगेच जागेवर आणला. वही मिटून टेबलावर ठेवली. मग त्यांनी पर्स उघडली आणि घडी घातलेला एक कागद काढला. त्या म्हणाल्या की त्या स्वतः वर्गाच्या बाजूनं बोलणार होत्या, हजेरी एकोणीस आहे, बोलायला तोंड होतं. आता ते तोंड बैठकीत फुग्यासारखं दिसेल याची काळजी आहे, ते सोडा. खरी अडचण हा कागद. जुन्या वाचकांनी तक्रार दिली आहे की मागची खोली तीनला त्यांना परत मिळावी. समितीत सगळे त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच बाजूचे. "माझ्यापुढे कागद आहे तोवर विषय आहे. कागद नसता तर विषयच नव्हता, वर्ग आपोआप पुढे चालू राहिला असता. तुम्हाला लिहायची हौस आहे ना? मग लोक तुमच्याबद्दल काय लिहितात तेही वाचा."

कागद टेबलावर आला आणि बटणकाका इस्त्रीपासून टेबलापर्यंत ज्या चपळाईनं आले तशी त्यांनी गेल्या अकरा वर्षांत दाखवली नव्हती.

"द्या, मी वाचून दाखवतो."

यात वावगं काही नव्हतं. घरातला कागद तेच वाचायचे. त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला, आणि त्या जाडसर, बातम्या देणाऱ्या आवाजात सुरुवात केली. ज्येष्ठ वाचकांची गैरसोय होत आहे. महिलांच्या एकत्रित उच्चारणाने चित्त विचलित होते. वाचनाची गेल्या अकरा वर्षांची परंपरा खंडित झाली आहे. ‘परंपरा’ त्यांनी जरा हळू आवाजात वाचलं. तरी माननीय समितीने योग्य तो निर्णय घ्यावा ही विनंती. "आपले नम्र, वगैरे वगैरे," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली.

"वगैरे वगैरे असं लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

"अगं, तशी पद्धत असते."

"बघू."

"तुला हे लागायचं नाही. हाताचं अक्षर आहे, छापील नाही."

काकूंनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. कागद त्या हातात पोचायला बराच वेळ लागला.

त्यांनी तो टेबलावर सपाट केला, कापड करतात तसा, तळव्यानं सुरकुत्या काढत. मजकुराकडे बघितलंही नाही. तो ऐकून झाला होता. बोट तळाशी नेलं. पहिली सही निवृत्त पोस्टमास्तरांची. ती लावायला त्यांना इतका वेळ लागला की चिटणीसबाई मदतीला पुढे वाकल्या, पण काकूंनी कोपरानं त्यांना अडवलं. दुसरी सही म्हणजे नुसत्या रेघोट्या. ती सोडून द्यावी लागली. तिसरी लागली. चौथी मात्र स्वच्छ होती. एकेक अक्षर सुटं, खाली सरळ रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ज्याला आपल्या अक्षराचा अभिमान आहे अशा माणसाची सही.

काकूंनी ती वाचली. पुन्हा वाचली. नव्यानं वाचायला शिकलेल्या माणसाला आधी आपलीच चूक वाटते. त्या कागद तिथंच ठेवून उठल्या, पायरी उतरून रस्त्यावर गेल्या, आणि मान वर करून दुकानाच्या पाटीकडे बघितलं. त्या पाटीवर काकांचं नाव होतं, तिच्याखालून त्या तीस वर्षं येत-जात होत्या. रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, काय हो काकू, पाटी रंगवायची का? काकू आत आल्या. बसल्या. चौथ्या सहीवर पुन्हा बोट ठेवलं.

"तिघं होते ते," काका म्हणाले. "अगं, खुर्च्या चार आहेत. तिघांनी सह्या केल्या आणि कागद माझ्यासमोर धरला. मी काय करायला हवं होतं? आणि मी म्हटलं, दहाला काय वाईट आहे, सकाळी डोकं ताजं असतं. दुकानाचं मी बघेन, म्हणजे बघितलं असतं. तुझ्या विरुद्ध असं काही नव्हतं त्यात, समितीला विनंती होती ती."

चिटणीसबाईंनी चष्मा काढला आणि पदराच्या टोकानं पुसायला घेतला, म्हणजे कुणाकडे बघावं लागणार नाही.

"काल मी विचारलं तुम्हाला," काकू म्हणाल्या. "वर्गाचं काय होईल, काही कानावर आलं का, म्हणून. इस्त्री करत होतात. म्हणालात, मला काय ठाऊक."

"ते मी..."

"तेही राहू दे. एकच सांगा." काकूंचा आवाज चढला नव्हता, गिऱ्हाइकाला बाही किती लांब हवी असं विचारतात तेवढाच होता. "इतकी ठळक सही केलीत. रेघ मारलीत, टिंबं दिलीत. हा कागद माझ्यासमोर आला तरी मला वाचता येईल, असं तुम्हाला वाटलंच नव्हतं ना?"

 काकांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली, गुंडाळली, नीट, जशी कधी गुंडाळत नाहीत तशी. चष्मा कपाळावर सरकवला. टेबलापाशी आले, काकूंच्या बोटाखालून कागद हलकेच ओढून घेतला, दोन घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. खिशाचं बटण लावलं.

"अहो, तो कागद माझा आहे," चिटणीसबाई म्हणाल्या. "सोमवारी मला तो लागेल." पण त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

काकांनी चपला पायात सरकवल्या, डावी उजव्यात गेली म्हणून पुन्हा बदलल्या, आणि खिशावर हात ठेवून पायरी उतरून चालू लागले.